एकोणपन्नास टक्क्यांचे पेढे

आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोपायला हवं, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आज आमच्या रात्रशाळेत दहावीच्या मुलांचा सत्कार होता. ‘आमच्या’ म्हणते, कारण गेली तीन वर्षं दर शनिवारी मी तिथे इंग्रजी शिकवायला जाते. कार्यक्रम संपला, परळला गाडीत बसले आणि चार फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. त्यातल्या एका फोटोत एक मुलगा आहे, एका हातात गुलाबाचं फूल, दुसऱ्या हातात गुणपत्रिका, शेजारी त्याचे गणिताचे सर. खाली मी लिहिलं, "आमचा पोरगा! ४९ टक्के!"

कुर्ला यायच्या आत उत्तर आलं. नात्यातलंच माणूस आहे, नाव लिहीत नाही. "४९ टक्क्यांना सत्कार? आता नापासांचीही मिरवणूक काढा." त्याखाली दोघातिघांनी हसून घेतलं.

ग्रुपवर मी काही बोलले नाही. इथे बोलते.

तो मुलगा पहाटे साडेतीनला उठतो. दादरच्या फुलबाजारात झेंडूची पोती उतरवायचं काम आहे त्याला. दहा वाजेपर्यंत ते. मग अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत एका झेरॉक्सच्या दुकानात. साडेसहाला शाळा. वडील गेले तेव्हा आठवीत होता, शाळा सुटली, गावाहून मामाकडे मुंबईला आला. त्याच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग असतो. झेंडूचा रंग बोटांना बसलेला असतो, साबणाने जात नाही. पान उलटलं की डाग.

डिसेंबरातली गोष्ट. शनिवारी मी जरा लवकर पोचले म्हणून वर्गाच्या दाराशी थांबले. आत गणिताचा तास चालू होता, वर्गसमीकरणं. हा पोरगा दुसऱ्या बाकावर डोकं ठेवून गाढ झोपलेला. शेजारच्याने कोपराने ढोसलं. सरांनी लांबूनच बोट हलवून ‘नको’ केलं. आणि आवाज खाली आणला. पुढचा अख्खा तास सर हळू आवाजात शिकवत होते! मुलांना गणित सोडवायला दिलं आणि स्वतः त्या झोपलेल्या मुलाच्या बाकाशेजारी जाऊन बसले. कुठल्याशा जुन्या सूचनेचा कागद घेतला, त्याच्या कोऱ्या बाजूवर फळ्यावरचं सगळं उदाहरण उतरवलं. एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीसमोर ती का केली तेही. कागद दुमडून त्याच्या वहीत ठेवला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुठे तो दचकून उठला. सर तोवर पुढच्या वर्गात गेले होते.

सर निघताना मला एवढंच म्हणाले, "मॅडम, त्याला झोपेची जास्त गरज होती."

मला आजपर्यंत कोणी शिकवण्याबद्दल इतकं काही सांगितलेलं नाही.

आता सांगा, ४९ टक्के म्हणजे किती? ज्यांच्या मुलाला स्वतःची खोली आहे, दोन क्लास आहेत, परीक्षेच्या महिन्यात घरातला टीव्ही बंद आहे, त्यांनी हा आकडा ऐकून हसावं? तेरा मे २०२५ला दहावीचा निकाल लागला, राज्याचा ९४.१० टक्के. २११ मुलांना पैकीच्या पैकी, शंभर टक्के. त्यांनी मेहनत केली, त्यांचं कौतुक आहेच. पण स्टेशनच्या बाहेर क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर तेच चेहरे बघत रोज मी जाते, आणि त्याच फ्लेक्सखाली हातगाडी लावणारा मुलगा रात्री माझ्या वर्गात बसलेला असतो. त्याचा फ्लेक्स कोण लावणार?

हो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. काही रात्रशाळा नुसत्या कागदावर चालतात, हजेरीपटावर तीस नावं आणि वर्गात सहा मुलं. आहेत तशा, नाही म्हणत नाही. पण दिवसाच्या सगळ्या शाळा काय धुतल्या तांदळासारख्या आहेत?

माझे वडील, अण्णा, रात्रशाळेतून मॅट्रिक झाले. जुनी अकरावी. गुहागरकडून आलेले, लालबागला गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे, गिरणीत साचेखात्यात होते. पहिली पाळी करून, खानावळीत जेवून शाळेत जायचे. गिरणगावात तेव्हा असे शेकड्याने होते. अण्णांना कारकुनाची नोकरी लागली ती त्या दाखल्यावर, आणि १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा आमच्या घरची चूल पेटत राहिली ती त्या नोकरीवर. आमच्या मजल्यावरच्या किती घरांनी तेव्हा काय काय विकलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी आज हसून घेतलं त्यांच्यापैकी एकाची पहिली फी अण्णांनी भरली होती. बास, एवढंच बोलते यावर.

आणि ही गोष्ट काही गिरण्यांपासून सुरू झालेली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दिव्याच्या उजेडात अक्षर शिकवायचं, हे या मातीतलं काम आहे. फुल्यांच्या फोटोला हार घालणारे आपण, त्यांच्या या शाळेला मात्र दुय्यम समजतो. संताप येतो.

दुय्यम म्हणजे कसं ते बघायचं असेल तर या एकदा. इमारत आमची नाही, दिवसाच्या शाळेची आहे. वर्ग प्राथमिकचे, बाक सहा वर्षांच्या मुलांचे. विशीतली पोरं गुडघे बाहेर काढून तिरकी बसतात. प्रयोगशाळा आहे, पण संध्याकाळी कुलूप. विज्ञानाच्या बाई घरून पिशवीतून लिटमसचे कागद, लिंबू आणि खायचा सोडा आणून दाखवतात. मागच्या वर्षी तर मुलींच्या स्वच्छतागृहालाही कुलूप लागायला लागलं, कारण म्हणे ‘रात्रीची मुलं घाण करतात’. आमच्या बायका-मुली तीन तास पाणी न पिता बसायच्या. मोठ्या बाईंनी तीन अर्ज केले, चौथ्या वेळी स्वतः जाऊन तिथल्या ऑफिसात बसून राहिल्या, उठल्याच नाहीत. तेव्हा किल्ली मिळाली. दहावीचा पेपर मात्र तोच, पुस्तक तेच बालभारतीचं, तपासणारे तेच. तिथे कुणी म्हणत नाही की यांच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं, पाच मार्क जास्त द्या.

या शाळांसाठी धडपडणारी माणसं आहेत, नाही असं नाही. निकिता केतकरांनी सुरू केलेली ‘मासूम’ संस्था २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांसाठी काम करते आहे. संध्याकाळी मुलांच्या पोटात काहीतरी पडलं पाहिजे, इथपासून त्यांनी विचार केला. उपाशी मुलाला समीकरण कसं कळणार, हे कळायला मोठी समिती लागत नाही. पण २०१७ साली सरकारने काय केलं? दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना एका निर्णयाने रात्रशाळेतून काढलं. वर्षानुवर्षं त्या मुलांना ओळखणारी माणसं एका कागदाने बाहेर. एक माणूस दोन पगार घेतो, हे बरोबर नाही, असं तेव्हा सगळे म्हणत होते. असेल. पण मुलांना कुणी विचारलं होतं का?

पुन्हा राग येतोय. थांबते जरा.

आजचा कार्यक्रम सांगते. पताका नव्हत्या, स्टेज नव्हतं. वर्गातली चार टेबलं जोडून त्यावर चादर. पेढे आमच्या क्लार्क ताईंनी स्वतःच्या पैशाने आणले होते. या ताईंबद्दल कुठे छापून येणार नाही म्हणून मी लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो. गावची शाळा, पुरात भिजलेली रजिस्टरं, आडनावाची चूक, जन्मतारखेची चूक. ताई गावोगावच्या मुख्याध्यापकांना फोन लावत बसतात, स्वतःच्या मोबाईलवरून. "सर, तुमचाच विद्यार्थी आहे हो, जरा बघा ना जुनं कपाट." असं एकेकाचं कपाट उघडायला लावून बोर्डाचा फॉर्म भरला जातो. झेंडूवाल्या पोराचा दाखला यायला चार महिने लागले. फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आला. ताई त्या दिवशी रडल्या होत्या, मी होते तिथे.

आणि मामा, आमचे शिपाई. गेट पावणेसातला बंद करायचा नियम आहे. मामा गेट बंद करतात, नियम म्हणजे नियम. पण बाजूच्या लहान दाराला एक वीट लावून ठेवतात. सव्वासातला धापा टाकत येणारं पोर ती वीट पायाने सरकवून आत येतं, परत जागेवर ठेवतं. मामा तिकडे बघतच नाहीत.

तर, आता त्या मिरवणुकीचं. ऐका. नापासांनाही बोलावलं होतं! हो. मोठ्या बाईंनी आधी पास झालेल्यांची नावं घेतली आणि मग म्हणाल्या, "आता जूनअखेरच्या परीक्षेला बसणारे." पाच जण उठले. त्यात आमच्या एक ताई आहेत, चार घरी पोळ्या करतात, वय बेचाळीस. गणितात सहा मार्कांनी गेल्या. पुढे येईनात. पदर तोंडाला लावून मागच्या बाकावर बसून राहिल्या. तेव्हा तो झेंडूवाला उठला, स्वतःचं गुलाबाचं फूल घेऊन मागे गेला आणि त्यांच्या हातात दिलं. "काकू, चला." त्या आल्या. सगळ्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की खालून वॉचमन बघायला आला. मला स्वतःला पुढचं नीट दिसत नव्हतं.

मग त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत गुणपत्रिकेची झेरॉक्स असेल असं मला वाटलं. तो डिसेंबरातला कागद होता. घडीवर फाटत आलेला, कोपऱ्यात पिवळा अंगठा. त्याने तो काकूंसमोर धरला. "हे सरांनी लिहिलंय, यावरून मला कळलं. तुम्हाला झेरॉक्स काढून देतो." मी वाकून पाहिलं. अगदी खाली, बारीक अक्षरात सरांची ओळ होती, त्या दिवशी मला दारातून दिसली नव्हती: "झोप झाली की बघ. अडलं तर लवकर ये, मी सहाला असतो."

सर तेव्हा तिथे नव्हतेच. शेजारच्या वर्गातल्या खुर्च्या परत जागेवर लावत होते. सकाळी दिवसाच्या शाळेला खुर्च्या जागेवर लागतात, नाहीतर बोलणी बसतात.

ज्यांनी हसून घेतलं त्यांना मला आता काही म्हणायचं नाही. लिहिता लिहिता राग उतरला. तुम्हीही माझेच आहात. पण एक काम करा. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला, घरी पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला, तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा, दहावी झाली का. नाही म्हणाले तर जवळची रात्रशाळा कुठे आहे ते शोधून द्या, मला मेसेज करा, मी शोधून देते. वय चौदाच्या पुढे असलं की झालं, वरची मर्यादा कुणी विचारत नाही. दाखला नसला तरी पाठवा, आमच्या ताई आहेत.

१६ जूनला शाळा सुरू होतेय. साडेसहाला. उशीर झाला तर बाजूच्या लहान दाराने या.