शहरात कीटक ‘उरले नाहीत’? आधी न्हाणीघराची भिंत बघा

एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातोय. त्याचा आशय असा : शहरात झुरळं, डास आणि माश्या सोडून कीटक उरलेले नाहीत, जे आहेत ते निव्वळ उपद्रवी, तेव्हा दिसला किडा की मारा, आणि कीटक बघायचीच हौस असेल तर जंगल गाठा, भारी कॅमेरा घ्या. हे चटकन पटतं, कारण घरातल्या किड्याकडे आपण बहुतेक वेळा मारायच्या तयारीनेच बघतो. मला यातलं जवळजवळ काहीच मान्य नाही.

‘उरले नाहीत’ हे आधी घेऊ. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं स्वतःच्या घराच्या बागेत काय काय दिसतं याची नोंद ठेवली. बाग उपनगरातली, चारचौघांच्या घराला असते तशी. वनस्पती आणि प्राणी मिळून तिथे २,६७३ जाती नोंदल्या गेल्या आणि त्यात १,९९७ एकटे कीटक होते. लॉस एंजेलिसमध्ये तर लोकांच्या परसात सापळे लावून पकडलेल्या माश्यांच्या एकाच गटात ३० जाती विज्ञानाला अगदी नव्या निघाल्या. त्यांची वर्णनं २०१५ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे एवढ्या गजबजलेल्या महानगरात, घरामागे, ज्यांना अजून नावंसुद्धा नव्हती असे जीव उडत होते.

घराच्या आतही तेच. अमेरिकेतल्या रॅली शहर आणि परिसरातली ५० घरं संशोधकांनी खोलीन् खोली तपासली. १०,००० हून जास्त नमुने मिळाले. कीटक, कोळी, गोम वगैरे धरून किमान ५७९ प्रकार. त्यातले बहुतेक कुणालाही त्रास न देणारे, कितीतरी नुसते वाट चुकून आत आलेले. आणि झुरळांचंच म्हणाल तर जगात त्यांच्या सुमारे ४,५०० जाती आहेत, माणसाच्या वस्तीत राहणाऱ्या जेमतेम तीसेक. बाकीच्या पालापाचोळ्यात आपलं काम करत असतात.

‘दिसला की मारा’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. डासांची पैदास थांबवायलाच हवी, साठलेलं पाणी काढायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण ‘दिसेल तो’ म्हटलं की त्यात कोण कोण सापडतं बघा.

खिडकीच्या काचेवर कधीतरी एक काळी, माशीएवढी, लांब पायांची गांधीलमाशी दिसते. तिचं पोट इवलंसं, चपटं, बारीक देठावर टांगल्यासारखं असतं आणि ते सारखं वरखाली हलत राहतं, कुणी छोटा झेंडा हलवावा तसं. नीट बघितलं तर डोळे निळसर. लोक तिला नांगी मारणारी समजून हमखास चिरडतात. ती माणसाला दंश करत नाही. ती घरात आलेली असते झुरळाची अंडी शोधायला. झुरळाची मादी आपली अंडी तपकिरी कुपीत घालते. ही गांधीलमाशी त्या कुपीत आपलं एक अंडं सोडते. त्यातून निघालेली अळी आतली सगळी अंडी खाऊन टाकते, तिथेच कोशात जाते आणि मोठी झाली की कुपीला भोक पाडून बाहेर पडते. कपाटामागे झुरळाची रिकामी कुपी मिळाली तर ती टाकून देण्याआधी निरखून बघा. झुरळाची पिल्लं बाहेर पडताना कुपी शिवणीवर उकलते. बाजूला गोल भोक असेल तर तिथे कुणीतरी परजीवी गांधीलमाशी येऊन गेली आहे. झुरळांसाठी औषध फवारणाऱ्या घरात झुरळांचा हा वैरीही मरतो. मला ही पहिल्यांदा ओळखता आली त्या दिवशी मी फवारणीचा डबा खाली ठेवला.

इथे कीटकांची बाजू घेणाऱ्या आपल्या लोकांनाही एक सांगायला हवं. ‘मधमाश्या संपल्या की माणसाला चार वर्षं’ हे आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारं वाक्य कृपया पुढे पाठवू नका. त्यांनी असं म्हटल्याचा पुरावा नाही. गहू आणि मक्याचे परागकण वारा वाहून नेतो किंवा ते फुलातल्या फुलात पडतात. प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी साधारण तीन चतुर्थांश पिकांना मात्र परागीभवनासाठी कमीअधिक प्रमाणात प्राण्यांची मदत लागते, आणि त्या प्राण्यांत बहुतांश कीटकच आहेत. एवढं खरं पुरेसं आहे, अतिशयोक्ती कशाला?

राहिला जंगल आणि कॅमेऱ्याचा मुद्दा. जंगलात जरूर जावं, पण तिथे सगळं आलबेल आहे असं कुणी धरून चालू नये. जर्मनीत ६३ संरक्षित क्षेत्रांमध्ये केलेल्या मोजणीत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं दिसलं. आणि कॅमेरा? न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेली ती बारीक, केसाळ, पंख मिटून बदामाच्या आकाराची दिसणारी माशी साध्या भिंगातून बघा. ती चावत नाही; तिच्या अळ्या मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरावर वाढतात. दमट भिंतीवर चिकटलेला, दोन्हीकडे निमुळता, सिमेंटचा कपचा वाटणारा चपटा तुकडा असेल तर तो खरवडू नका, पाच मिनिटं थांबा. एका टोकातून डोकं निघेल आणि अख्खा तुकडा चालू लागेल. ती एका पतंगाची अळी आहे. रेशीम, वाळूचे कण आणि घरातली धूळ यांचं घर ती स्वतः विणते, दोन्ही बाजूंना दार ठेवते आणि आतल्या आत वळून हव्या त्या दाराने बाहेर येते. कोळ्याची जुनी जळमटं हे तिचं आवडतं खाणं.

कुंडीत लिंबाचं रोप असेल तर पानावरची पक्ष्याची पांढरी-तपकिरी शीट दोनदा बघा. ती हललीच, तर फुलपाखराचा सुरवंट आहे. पक्ष्यांना फसवायला त्याने ते सोंग घेतलंय; थोडा मोठा झाला की कात टाकून तो पानासारखा हिरवा होईल. बोटाने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी-तांबडं, दोन फाट्यांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. पण एकदाच करा. दिवसभर पानं खायचं काम असतं त्याला.