सुट्टी असते, सवड नसते

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार, लक्ष्मीपूजन. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात पाट मांडला होता. नवी चोपडी, केरसुणी, लाह्या-बत्तासे. बाबा चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढत होते आणि माझा फोन वाजला. मित्र टॉकीजच्या दारात उभा. "सहाच्या खेळाला ये, तिकिटं आहेत. अर्धं थेटर मोकळं हाय."

दिवाळीचा रविवार, ‘टायगर ३’चा पहिला दिवस आणि अर्धं थेटर मोकळं? पण त्यात नवल नव्हतं. मी २०१२ पासून या मालिकेचा, म्हणजे यशराजच्या ‘टायगर’, ‘वॉर’, ‘पठाण’ या हेरपटांचा, प्रत्येक सिनेमा पहिल्या दिवशी पाहिलेला माणूस, आणि त्या संध्याकाळी मीसुद्धा पाटासमोरून उठू शकत नव्हतो. आमच्या ओळीतला एकही दुकानदार उठला नसता.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, आज लिहितोच. आपल्याकडं पिक्चरची तारीख ठरवणारे कॅलेंडरवरचे लाल आकडे बघतात. लाल आकडा म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे गर्दी, असा हिशेब. पण सुट्टी आणि सवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्ष्मीपूजनाला सुट्टी असते, सवड नसते.

माझे थोरले मामा इथल्याच एका टॉकीजमध्ये बुकिंगला होते. रोजच्या कलेक्शनचा रिपोर्ट मालकाकडं जायचा, पण मामांची स्वतःची एक लाल वही होती. तीत खेळवार तिकिटांचे आकडे आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्दांचा शेरा. ‘बेंदूर’. ‘जोतिबा’. ‘म्हाळ’. ‘पाऊस, वरचे कोण नाही’. बेंदूर म्हणजे बैलांचा सण, जोतिबा म्हणजे तिथली यात्रा, म्हाळ म्हणजे पितृपक्ष आणि वरचे म्हणजे पन्हाळा-शाहूवाडीकडून एसटीनं येणारे. दिवाळीच्या पानावर मी स्वतः वाचलंय: लक्ष्मीपूजनाला ‘सहा व नऊ रिकामे’ आणि पाडव्याला चारही खेळांपुढं ‘फुल्ल’. मामा म्हणायचे, "पोरा, पिक्चर कसा हाय ते सोमवारी कळतंय. त्याआधी लोकांच्या घरात काय चाललंय ते बघायचं."

आता ‘टायगर ३’चे आकडे त्या वहीच्या नजरेनं बघा. पहिल्या दिवशी देशात साधारण ४४ कोटी नेट, म्हणजे कर वजा जाता. दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही ५८-५९ कोटी. रविवारपेक्षा सोमवार मोठा! पूजा उरकली, फराळ झाला, माणसं बाहेर पडली. पुढं बुधवारी १५ तारखेला भाऊबीज आणि त्याच दिवशी वानखेडेवर भारत-न्यूझीलंड सेमीफायनल. मी बहिणीकडं होतो. ओवाळणीचं ताट हातात घेऊन ती उभी आणि आम्ही सगळे टीव्हीकडं तोंड करून. थेटरात कोण जाणार होतं? त्या दिवशी कमाई वीस-एकवीस कोटींवर आली. १९ तारखेच्या रविवारी अहमदाबादला फायनल. आदल्या शनिवारी साडेअठरा कोटींच्या आसपास कमावणाऱ्या पिक्चरनं रविवारी दहा-साडेदहा कमावले. आणि वर्ल्ड कप संपून श्वास घ्यावा तर १ डिसेंबरला ‘अॅनिमल’ आला. देशात ‘टायगर जिंदा है’नं ३३९ कोटी केले होते, त्याचा पुढचा भाग तीनशेच्या आत थांबला. पिक्चर आधीच्यापेक्षा कमी जमला होता, हे मी चाहता असूनही मान्य करतो. पण एवढी मोठी घट नुसत्या पिक्चरची नव्हती.

पहिल्या आठवड्यासाठी निर्माते एवढे का झटतात, याला व्यवहाराचं कारण आहे. २००९ मध्ये निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे पिक्चर देणं थांबवलं होतं, त्या संपानंतर मल्टिप्लेक्सशी जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि मग ३० असा उतरत जातो. म्हणजे तेच तिकीट पहिल्या आठवड्यात विकलं तर निर्मात्याच्या पदरात जास्त पडतं. अशा वेळी पहिल्या आठ दिवसांतले तीन दिवस पूजेला आणि क्रिकेटला देऊन टाकणं हे मोठंच नुकसान.

याउलट २०२३ चाच ‘पठाण’. २५ जानेवारी, बुधवार. कॅलेंडरवर लाल आकडाही नाही. पण दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी. कोल्हापुरात २६ जानेवारी कसा असतो, आठवा. सकाळी झेंडावंदन, येताना जिलेबीची पुडी, ती घरी दिली की दिवस आपला. पाहुणे नाहीत, फराळ नाही, कुणाला ओवाळायचं नाही. पोरं शाळेच्या पांढऱ्या कपड्यांतच थेटराबाहेर उभी होती. एक बाप लेकाच्या छातीवरचा कागदी झेंडा काढून स्वतःच्या खिशात जपून ठेवत होता, आत गर्दीत चुरगळू नये म्हणून. पहिल्या दिवशी देशात ५७ कोटी, दुसऱ्या दिवशी सत्तरच्या घरात आणि जगभरात हजार कोटींच्या वर. शाहरुख चार वर्षांनी नायक म्हणून परत येत होता, ही भूक खरी. पण त्या भुकेल्या माणसाला वेळही मिळाला.

तारखेत जादू असते असं मात्र मला म्हणायचं नाही. २५ जानेवारी २०२४ ला ‘फायटर’ आला. तोच दिग्दर्शक, तीच नायिका, तीच तारीख. ‘पठाण’च्या निम्मीही कमाई झाली नाही. आणि ‘वॉर २’ बघा. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. मग स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, रविवार. चार दिवस हक्काचे. तेलुगू मुलुख मिळावा म्हणून ज्युनिअर एनटीआरला घेतलं आणि नेमकं त्याच दिवशी समोर रजनीकांतचा ‘कुली’. एवढ्या सुट्ट्या असूनही सोमवारी कमाई दहा कोटींच्या खाली गेली. मामांचा सोमवार. तारखेनं लोक दारापर्यंत आणून सोडले, पुढचं काम पिक्चरचं होतं.

पहिला ‘एक था टायगर’ आठवतो तेव्हा वाटतं, त्या वेळी तारखेचा विचार जास्त बारकाईनं व्हायचा. १५ ऑगस्ट २०१२, बुधवार आणि २० तारखेला सोमवारी ईद. सहा दिवस सलग, दोन्ही टोकांना सुट्टी आणि आमच्या इथं तोवर गणपतीची लगबगही सुरू झालेली नव्हती. २०१९ चा ‘वॉर’ही तसाच: २ ऑक्टोबरला गांधीजयंती, ८ ला दसरा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमचं कोल्हापूर पुराच्या पाण्याखाली होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद. त्या दिवसांत लागलेल्या कुठल्याही पिक्चरला इथं लोक कुठून येणार? नवरात्रापर्यंत शहर सावरलं. चिखल धुऊन काढलेल्या घरांतली माणसं त्या पिक्चरला आलेली मी पाहिली आहेत.

आणि सगळ्यात ताजा दाखला ‘धुरंधर’चा. हेरगिरीचाच पिक्चर, पण या मालिकेबाहेरचा. ५ डिसेंबर २०२५, साधा शुक्रवार. साडेतीन तासांची लांबी. ना सण, ना सुट्टी. पण समोर रस्ता मोकळा होता. याच मालिकेतला ‘अल्फा’ आधी २५ डिसेंबरला येणार होता, तोही पुढं ढकलला गेला होता. दुसऱ्या शुक्रवारी पहिल्या शुक्रवारपेक्षा जास्त कमाई! लोकांना आपल्या सवडीनं यायला दिलं, तर ते दुसऱ्या आठवड्यातही येतात.

मुंबईत बसून तारीख ठरवणाऱ्यांनी एकदा कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या थेटर मॅनेजरांना फोन करावा, एवढंच माझं मागणं आहे. दिवाळीतच यायचं असेल तर पाडव्याला या. आमच्याकडं तोवर दूध संघाच्या फरकाची, म्हणजे वर्षाच्या दुधावर मिळणाऱ्या वाढीव दराची, रक्कम खेड्यापाड्यांत पोचलेली असते, बाजार होऊन हातात चार पैसे उरलेले असतात, आणि पाडव्याला बायको-पोरांना घेऊन बाहेर पडायची रीतच आहे. वर्ल्ड कपची फायनल असेल तर तो महिनाच सोडा.

‘टायगर ३’ मी शेवटी सोमवारी दुपारी बारा वाजता पाहिला. बाबाही आले होते, कपाळावर आदल्या संध्याकाळचं कुंकू तसंच.