साडीचं फडकं आणि 99 टक्क्यांचा फॉरवर्ड

पावसाळा लागला की हा फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी सिद्ध केलं, सुती साडीची चार पदरी घडी 99 टक्के जंतू अडवते. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होतं. पाणी उकळू नका, क्लोरीन विष आहे, फिल्टर हा नुसता धंदा.’ बाई खऱ्या आहेत, रिटा कॉलवेल. संशोधनही खरं. म्हणून तर लोक फसतात.

ते 99 टक्के प्रयोगशाळेतले, आणि तेही फक्त प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना, चिकटलेल्या कॉलऱ्याच्या जंतूंपुरते. तळ्या-नद्यांत हे जंतू कोपेपॉड नावाच्या ठिपक्याएवढ्या कवचधारी जिवांवर वस्ती करतात, एकेकावर हजारोंनी. जुन्या साडीच्या घडीतली छिद्रं साधारण 20 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे कोपेपॉड वरच राहतो. सुटा जंतू एक-दोन मायक्रॉनचा, तो खुशाल खाली उतरतो. टायफॉइडचे जंतू आणि काविळीचे विषाणू यांचं तर कोपेपॉडवाचून काही अडत नाही.

बांगलादेशातल्या मतलब भागात 65 गावांत, सुमारे 1,33,000 लोकांत हा प्रयोग झाला. 2003 साली निकाल छापून आला: कॉलरा 48 टक्क्यांनी घटला. जुन्या कपड्याच्या जोरावर एवढं साधणं थोरच. पण नेमका हाच आकडा फॉरवर्डमधून गाळला गेलाय.

आज्यांचं म्हणाल, तर तिकडे सरबत साडीतून गाळायची रीत होतीच, त्याचं श्रेय द्यायला हवं. मात्र ते माश्या-कचरा काढण्यापुरतं. किती पदर, नवी साडी की जुनी, हे तपासूनच ठरलं. जुनी सरस निघाली, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि छिद्रं बारीक होतात. शिवाय फडकं दर वेळी धुऊन उन्हात वाळवायचं. आपल्याकडे नळाच्या तोंडाला बांधलेलं ते कुबट, बुळबुळीत फडकं आठवा.

नारूच्या, म्हणजे अंगातून लांब कृमी बाहेर येणाऱ्या रोगाच्या, बाबतीत मात्र फडक्याने खरोखर काम फत्ते होतं. त्याची अळी सायक्लॉप्सच्या पोटातूनच आपल्यात येते. तो अडला की संपलं. सायक्लॉप्सही कोपेपॉडच. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात पाणी गाळून पिण्याचा वाटा मोठा. काविळीला हा हिशेब लागू नाही.

‘उकळू नका’ ही तर उलटी गंगा. साडीचा उपाय पुढे आला तोच मुळी तिथल्या गरिबांकडे पाणी उकळण्याइतकं सरपण नव्हतं म्हणून. घरात गॅस असणाऱ्याने त्याचा दाखला देऊन उकळणं सोडावं? आणि शहरात नळाच्या फुटक्या लाइनीत गटाराचं पाणी शिरतं, तिथे कोपेपॉड शोधूनही सापडायचा नाही. फडक्याने अडवायचं काय?

क्लोरीनचं थोडक्यात. गावचं पाणी शुद्ध ठेवणारा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) घेतो, ती मात्रा बघायलाच. मापात असेल तर ते विष नव्हे. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, निवळू द्या, मग मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) टाका किंवा उकळा. फिल्टर विकणाऱ्यांचा धंदा आहे, हे मात्र फॉरवर्डमध्ये बरोबर आहे.