दुखवट्याच्या ठरावात काय लिहायचं?

आमच्या महिला मंडळाची वार्षिक सभा जवळ आलीय. विषयपत्रिकेवर सुरुवातीलाच नेहमीचा विषय आहे: दिवंगत सभासद भगिनींना श्रद्धांजली. यंदा तीन नावं आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत मी सुचवलं की या वेळी नुसती नावं वाचून दोन मिनिटं उभं राहायला नको. प्रत्येकीनं मंडळात नेमकं काय काम केलं ते लिहून काढू, सभेत वाचू आणि तोच मजकूर इतिवृत्ताच्या वहीत उतरवू. दोघीतिघींना पटलं. बाकीच्यांचं म्हणणं असं की सभेला आधीच वेळ पुरत नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलले की झालं. बैठकीत नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मंडळाच्या कपाटात जुन्या वह्या आहेत. चिटणीस म्हणून त्या माझ्या ताब्यात आल्या तेव्हा त्यातले दुखवट्याचे ठराव मी सलग वाचून काढले. जवळजवळ सगळे एका साच्यातले. 'अत्यंत मनमिळाऊ, सुगरण, धार्मिक वृत्तीच्या. त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. मृतात्म्यास सद्गती लाभो.' खाली ठराव सर्वानुमते मंजूर. आणि त्याच वहीची काही पानं मागे उलटली की त्याच बाईंचं नाव सूचक म्हणून दिसतं: एसटी स्टँडपासून कन्याशाळेपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावावेत, संध्याकाळच्या जादा तासांना मुलींना घरचे पाठवत नाहीत, यासाठी नगरपालिकेला निवेदन द्यावे. ते दिवे लागले. आजही त्या रस्त्यानं मुली क्लासहून येतात. बाई गेल्या त्या दिवशी मात्र आम्ही त्यांच्या हातच्या पुरणपोळीबद्दल लिहिलं.

पुरणपोळी उत्तमच असायची, त्याबद्दल वाद नाही. पण ती त्यांच्या घरच्यांची आठवण. दिव्यांची आठवण ठेवणं हे मंडळाचं काम होतं. ते आम्ही केलं नाही तर दुसरं कोण करणार? घरच्यांना बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. 'आई दुपारची मंडळात जायची' एवढंच मुलांना माहीत असतं.

आता यंदाच्या तिघींबद्दल. नावं मुद्दाम इथे देत नाही, सभेत पूर्ण नावानिशी वाचणारच आहे.

पहिल्या, आमच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दरवर्षी जुलै महिना लागला की त्यांची वही बाहेर यायची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर शाळा सातवीपर्यंत, आठवीला तालुक्याला यावं लागायचं, आणि मुली गळायच्या त्या नेमक्या तिथे. जूनमध्ये सगळे म्हणतात, 'घालणार आहोत की शाळेत.' म्हणून बाई जुलैत जायच्या. सातवी पास झालेल्या मुलींची यादी एका बाजूला, आठवीत नाव दाखल झालेल्यांची दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या राहिलेल्या मुलींच्या घरी चपला झिजवायच्या. प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेलं असायचं. धाकटं भावंड सांभाळायला. एसटी सुटायची वेळ आणि शाळा सुटायची वेळ जुळत नाही. शाळेत संडास नाही. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार, मुलगी मागे कुणाकडे ठेवायची. गरिबी हे कारण त्यांनी कधीच लिहिलं नाही. त्या म्हणायच्या, गरिबी लिहिली की आपण हात झटकून मोकळे होतो, एसटीची वेळ लिहिली की आगार व्यवस्थापकाकडे जाता येतं. आणि त्या जायच्या. गावाकडच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण त्याचा अर्ज, शाळेचा दाखला, शिक्का, हे सगळं करायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे बाई.

या आमच्या ज्येष्ठ सभासदांचं बालपण ज्या काळात गेलं, त्या काळातल्या, म्हणजे १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांच्या साक्षरतेचं प्रमाण ८.८६ टक्के होतं. २०११ मध्ये महाराष्ट्रात ते ७५ टक्क्यांच्या पुढे गेलं. सरकारी शाळा, शिष्यवृत्त्या, कायदे यांचा त्यात मोठा वाटा आहेच. पण शाळा बांधली म्हणून मुलगी आपोआप वर्गात जाऊन बसत नाही. मधलं अंतर कुणीतरी पायी कापलेलं असतं.

दुसऱ्या, आमच्या खजिनदार काकू. स्वतः चौथी शिकलेल्या. पोरींच्या फी-मदतीचं खातं त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यात पापड-कुरडया, यातून जमलेल्या पैशांचा हिशेब रुपयापर्यंत चोख. त्यांचा एक नियम होता. मदतीचे पैसे मुलीच्या आईच्याच हातात द्यायचे, बापाच्या नाही, आणि आईनं त्यापुढे सही करायची. सही येत नसेल तर आज अंगठा चालेल, पुढच्या वर्षी सहीच हवी. त्या रजिस्टरची पानं मी सावकाश उलटून पाहिली. एका वर्षी जांभळ्या शाईचा अंगठा. पुढच्या वर्षी त्याच नावासमोर पुन्हा अंगठा, पण शेजारी पेन्सिलीनं काढलेली, मध्येच सोडून दिलेली दोन अक्षरं. तिसऱ्या वर्षी सही आहे. ओळीच्या वर-खाली धावणारी, शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं, पण पूर्ण. एका बाईची साक्षरता त्या तीन ओळींत आहे. काकूंनी प्रौढ शिक्षणाचा वर्ग काढला नव्हता, भाषण तर कधीच केलं नाही. त्यांच्या दुखवट्याच्या ठरावाचा जो कच्चा मसुदा माझ्याकडे आला, त्यात 'हसतमुख व काटकसरी' असं लिहिलंय.

तिसऱ्या ताईंबद्दल थोडं जास्त लिहायचंय.

ताई बौद्ध वस्तीतल्या. आमच्या मंडळात आल्या त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचा स्वतःचा, वस्तीतल्या बायकांचा गट होता. मंडळात आल्यावर त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं की कार्यकारिणीतल्या सगळ्याजणी त्याच त्या चार गल्ल्यांमधल्या कशा? प्रश्न कुणालाच आवडला नाही. खजिनदार काकू आणि त्यांची तर चांगलीच जुंपली होती. वहीत त्या दिवशीच्या नोंदीत फक्त 'साधकबाधक चर्चा झाली' एवढंच आहे. मला वाटतं, हेसुद्धा लिहायला हवं. गेलेल्यांबद्दल चांगलंच बोलावं ही आपली रीत मला समजते, पण त्या भांडणानंतर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलली, बैठका आळीपाळीनं वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये होऊ लागल्या, आणि त्या बदलाच्या ठरावाला अनुमोदक खुद्द खजिनदार काकू होत्या. भांडण गाळलं तर काकूंचा मोठेपणाही गळतो.

ताईंचं मुख्य काम वसतिगृहाचं. समाजकल्याण खात्याच्या मुलींच्या वसतिगृहात प्रवेश मिळवायचा तर जातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, वेळेत अर्ज हवा. ताई मुलीला आणि तिच्या आईला बरोबर घेऊन तहसील कचेरीत जाऊन बसायच्या. हातात दाखला पडेपर्यंत उठायच्या नाहीत. शिकवण्यापेक्षा शिकायची सोय लावून देणं जास्त अवघड, असं त्या म्हणायच्या.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेची गोष्ट आम्हाला त्यांनीच पहिल्यांदा सांगितली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेबांनी परिषदेत भाषण केलं. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांसाठी सवलती, मुलींसाठी वसतिगृहं, असे ठराव तिथे झाले. १९४२! आणि मंडळात निबंध स्पर्धा घेणाऱ्या आम्हा बायकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच नागपुरात जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये मुलींसाठी शाळा काढली होती. डोक्यावरून ओझी वाहून पोट भरलेली बाई. या सगळ्याजणी आज आपल्याला थोड्याफार माहीत आहेत, त्याचं मोठं श्रेय ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना. १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झालं, ते या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधून, त्यांच्याशी बोलून, ते बोलणं उतरवून घेतलं म्हणून. या दोघी त्यांच्यापर्यंत पोचल्या नसत्या तर त्या बायकांच्या मागे तसबिरीशिवाय काय राहिलं असतं? ताईंकडे त्या पुस्तकाची प्रत होती. शिवण सुटलेली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली.

कुणी म्हणेल, मोठ्या बायकांची नोंद होतेच की. होते, पण तीही सगळ्यांची नाही. मुक्ता साळवेचंच बघा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. धर्माला थेट प्रश्न विचारणारं ते लिखाण आज आपण अभिमानानं वाचतो. पण पुढे ती किती शिकली, कुठे राहिली, कधी गेली, याची नोंद जवळजवळ नाहीच. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, हे आपल्याला दिवसासकट ठाऊक आहे. त्यांच्या शाळेतल्या इतर मुली कुठे गेल्या?

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला फार जवळचं वाटतं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या तेव्हा बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या. त्यांच्याच घरी राहून आनंदीबाईंनी अमेरिकेतले दिवस सुरू केले होते. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या अस्थींना जागा दिली, वर दगड उभारला आणि त्यावर आनंदीबाईंचं नाव आणि त्या शिक्षणासाठी परदेशी आल्याचं कोरून घेतलं. ना नात्याची, ना जातीची, ना देशाची. मैत्रिणीनं मैत्रिणीच्या कामाची ठेवलेली ती आठवण आहे. कुणाची बायको, कुणाची आई यावर ती अडलेली नाही.

आपल्याकडच्या जुन्या रजिस्टरमध्ये मात्र सभासदांची नावंसुद्धा धड नाहीत. नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं, पुढे आडनाव, आधी सौ. एवढंच. स्थापनेच्या वेळचा एक सामूहिक फोटो भिंतीवर आहे, पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या आता कुणालाच ओळखू येत नाहीत. ज्यांनी दारोदार वर्गणी मागत फिरून हे मंडळ उभं केलं, त्यांचं पाळण्यातलं नाव आपल्याला माहीत नाही, हे मला सहन होत नाही. स्पष्टच सांगते.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी मागणी अशी. दुखवट्याचा ठराव लिहिताना आधी तिचं स्वतःचं पूर्ण नाव. मग ती कोणत्या साली सभासद झाली, कोणते ठराव मांडले, कोणतं काम अंगावर घेतलं आणि ते आता कोण पुढे नेणार. परिवाराचा उल्लेख शेवटी, आणि तोही घरच्यांना विचारून. 'कोण पुढे नेणार' हे मी हट्टानं घालतेय, कारण बाई गेल्यानंतरचा पहिला जुलै तसाच कोरडा गेला. यादी कुणी केलीच नाही. बाईंची वही त्यांच्या सुनेनं जपून ठेवलीय, ती ती आनंदानं देतेय, पण वही घेऊन उन्हापावसात फिरणारी पाहिजे. मी माझं नाव दिलंय. अजून दोघी हव्यात, शक्यतो दुचाकी चालवणाऱ्या.

आणि जाणाऱ्यांची वाट बघत थांबायला नको. ऐंशीच्या पुढच्या सभासद आपल्यात अजून आहेत. मोबाइल घेऊन त्यांच्याकडे बसूया. 'तुमचे अनुभव सांगा' असं विचारलं तर त्या म्हणतात, 'आम्ही काय केलं गं, चार बायका जमायचो.' प्रश्न नेमका हवा. मी एका आजींना विचारलं, 'पहिल्यांदा मंडळात आलात तेव्हा घरी काय सांगून निघालात?' तर म्हणाल्या, 'देवळात जाते म्हणून. आणि येताना खरंच देवळात जाऊन यायचे, खोटं नको बोलायला.' मग सुरूच झाल्या. पिशवीत वाचनालयाची पुस्तकं घालून दुपारी घरोघर कशी बदलून द्यायच्या, कोणत्या घरात पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं असायचं, कोणत्या सासूबाई आधी ओरडायच्या आणि नंतर स्वतःच पुढचा भाग मागायच्या. फोटोतल्या पुढच्या रांगेतल्या दोघींची नावंही त्यांनी सांगितली, माहेरच्या नावासकट. अजून चौघी राहिल्यात. पुढच्या रविवारी चार वाजता मी पुन्हा जाणार आहे. ज्यांच्या आईचा, आजीचा, आत्याचा मंडळातला जुना फोटो घरी असेल त्यांनी त्याआधी मला पाठवा, म्हणजे आजींना दाखवता येईल.