पाणी रेडिएटरमध्ये मुक्कामाला येत नाही

कॉम्प्युटरचा प्रोसेसर (सीपीयू) फिरत्या पाण्याने थंड ठेवणारी यंत्रणा, म्हणजे कस्टम लूप, स्वतः बांधणाऱ्यांच्या ग्रुपांतून एक सल्ला दर उन्हाळ्यात न चुकता फिरतो. मजकूर साधारण असा: ‘पंप फुल स्पीडवर ठेवू नका. पाणी रेडिएटरमधून इतकं भरभर जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. गाडीचा थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापतं ते याचमुळे. शिवाय जोरात फिरणारा पंप स्वतःच पाणी तापवतो. पंपाला सीपीयूच्या तापमानाचा कर्व्ह लावून द्या, बाकी बायोस बघून घेईल.’ (कर्व्ह म्हणजे किती तापमानाला किती वेग हे ठरवणारी सेटिंग, बायोस म्हणजे ती सांभाळणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर.)

यातलं सगळंच टाकाऊ असतं तर सोपं होतं. पण ‘पंप थोडा हळू ठेवा’ हे बऱ्याचदा बरोबर निघतं आणि दिलेली कारणं तेवढी चुकतात. ती कारणं खरी मानून कुणीतरी पंप २० टक्क्यांवर आणून ठेवतो आणि मग सीपीयूवर लावलेल्या थर्मल पेस्टला (उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाला) शिव्या घालत बसतो.

आधी ‘वेळच मिळत नाही’ याकडे बघू. समजा लूपमध्ये १ लिटर पाणी आहे आणि त्यातलं ३०० मिली रेडिएटरमध्ये मावतं. म्हणजे कुठल्याही क्षणी ३० टक्के पाणी रेडिएटरमध्येच असणार. तासाभराचा हिशोब धरला, तर पाण्याचा एखादा थेंब सरासरी १८ मिनिटं रेडिएटरमध्ये काढतो. पंप ४,८०० आरपीएमवर असो नाहीतर १,८००वर, ती १८ मिनिटं बदलत नाहीत. फक्त जोरात पंप असेल तर खेपा जास्त आणि प्रत्येक खेप छोटी. लूप बंद आहे. रेडिएटरमध्ये रेंगाळणारं पाणी तापलेल्या ब्लॉकमध्येही (सीपीयूवर बसवलेल्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात) तेवढंच रेंगाळतं, हे सल्ला देणारा सोयीस्कर विसरतो.

आता आकडे. इंटेलच्या आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो पॉवर (पूर्ण जोरात चालताना लागणारी वीज, जिची उष्णता होते) २५३ वॅट आहे, आपण २५० धरू. १ किलो पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम ०.९ अंशाने तापतं. २ लिटरला १.८, १ लिटरला ३.६ आणि अर्ध्या लिटरला ७ अंशांहून जास्त. या आकड्यांतच ‘वेळ मिळतो’वाल्यांचा दृष्टिभ्रम लपलेला आहे. पंप हळू केला की रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या पाण्यातला फरक वाढतो. बाहेरच्या तोंडाशी सेन्सर लावला की पाणी खरंच जास्त गार दिसतं. रेडिएटरने मात्र तेवढेच २५० वॅट बाहेर टाकलेले असतात. शिवाय हळू पाण्यात ब्लॉकच्या बारीक पात्यांना चिकटून राहणारा कोमट थर जाड होतो आणि उष्णता पाण्यात उतरायला जास्त अडते. सेन्सर थंड दाखवतो, सीपीयू गरम होतो.

याच आकड्यांची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. ४ लिटरवरून ८ वर गेलात तर ०.९चे ०.४५ होतील. त्या अर्ध्या अंशासाठी टेबलावर भुणभुण कोण ऐकेल? पंप हळू ठेवायचं प्रामाणिक कारण हेच: आवाज.

थर्मोस्टॅटचा दाखला लवकर निकालात काढता येतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास उघडाच राहतो आणि काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. यात पाण्याच्या घाईचा काही संबंध नाही.

पंप पाणी तापवतो, हे खरं. अशा लूपमध्ये सर्रास वापरला जाणारा डी५ पंप पूर्ण वेगात २० वॅटच्या आसपास घेतो आणि त्याचा रोटर पाण्यातच फिरत असल्याने त्यातली बरीच उष्णता पाण्यात जाते. पण २५० वॅटला पाणी खोलीपेक्षा १० अंश वर राहत असेल, तर आणखी २० वॅटने ते ०.८ अंश वर जाईल. बस. वेग ६० टक्क्यांवर आणला की पंपाचा पाण्यावरचा भार वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो. इथे सल्ल्याची दिशा बरोबर आहे, पण बाऊ फार केलाय.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो शेवटचा भाग, सीपीयूच्या तापमानाचा कर्व्ह. ब्राउझर उघडला की सीपीयू एका सेकंदात पंधरा-वीस अंश उडी मारतो आणि परत खाली येतो. पाण्याचं तसं नसतं. रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही असं धरलं, तरी २५० वॅटला १ लिटर पाणी १ अंश चढायला १७ सेकंद लागतात. त्यामुळे पंप आणि फॅन उगाचच घुर्रकन चढतात, उतरतात, आणि थंड व्हायचं ते होतच नाही. सीपीयूची ती उडी सिलिकॉन (आतली चिप), वरचं धातूचं झाकण आणि पेस्ट यांच्यातली आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जावेत असेच बनवलेत. तिथे पंप कितीही पळवला तरी फरक थोडाच. पंपाला एक ठरावीक वेग द्या, लूपमध्ये पाण्याचा सेन्सर बसवा आणि फॅन त्या सेन्सरवर चालवा. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी ३८च्या खाली जाणार नाही, हेही कर्व्ह आखताना लक्षात असू द्या. थंडीत आखलेला कर्व्ह तेव्हा फॅन सतत कोकलायला लावतो.

एवढं सांगूनही कुणी म्हणेल, ‘मी पंप हळू केला आणि तापमान खरंच उतरलं.’ तर रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे लूपच्या पाण्याच्या टाकीत, डोकावा. पाणी कमी असेल आणि पंप जोरात ओढत असेल तर भोवरा तयार होतो, हवा आत खेचली जाते आणि बुडबुडे ब्लॉकपर्यंत पोचतात. वेग उतरवला की भोवरा मोडतो. उपाय पाणी भरण्याचा आहे. तसं नसेल तर चाचणी किती वेळ चालली ते विचारा. लूप स्थिरावायला अर्धा तासही लागू शकतो आणि बहुतेक जण पाचव्या मिनिटाला स्क्रीनशॉट काढतात. पाणी आणि खोली यांतला फरक वेगळा लिहा, सीपीयू आणि पाणी यांतला वेगळा. पहिला आकडा मुख्यतः रेडिएटर आणि फॅनचा, दुसरा ब्लॉक, पेस्ट आणि प्रवाहाचा. पंप दर वेळी १० टक्क्यांनी उतरवत जा. दुसरा आकडा वर सरकायला लागला की एक पायरी मागे या आणि तो वेग बायोसमध्ये कायम करून टाका.