पहाटे साडेचारचं विमान नियम मोडतं का? ‘हाउन्सलोकर’ यांना उत्तर

नमस्कार हाउन्सलोकर,

प्रतिक्रिया झोंबली, पण आवडली. ‘लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रात्री विमानांना बंदी आहे’ असं मी मागच्या लेखात ठोकून दिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, “मग रोज पहाटे साडेचारला माझ्या कौलांवरून काय जातं, पुष्पक?” आणि वर ऐकवलंत की लंडनचे नियमही आपल्याकडच्या ‘हॉर्न वाजवू नका’ पाट्यांसारखेच. काउन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, पत्र लिहिणार असंही म्हणालात.

पहिलं बिनशर्त मान्य. ‘बंदी’ हा शब्द चुकलाच. लेखात दुरुस्ती केली आहे. रात्री 11:30 ते सकाळी 6 या वेळात वर्षाला 5,800 विमानांना मुभा आहे, म्हणजे रात्रीला सरासरी सोळा. त्यातली बरीचशी साडेचारनंतर उतरतात, आशियातून रात्रभर उडत आलेली. बंदी कसली, हे रेशनिंग!

दुसऱ्यावर मात्र भांडणार. नियम पाळले जातात, आणि तरीही तुमची झोप मोडते. मला खटकतं ते हे.

संख्येबरोबर आवाजाचाही कोटा असतो. प्रत्येक विमानाला आवाजाप्रमाणे गुण, आणि दर 3 डेसिबलच्या पायरीला ते दुप्पट. जुनं जम्बो 747-400 उतरताना 2 गुण खायचं; त्याहून अवाढव्य ए-380 अर्धाच गुण खातं. कागदावर एक जम्बो म्हणजे चार ए-380. अंथरुणात मात्र चार विमानं म्हणजे चारदा जाग. शिवाय हे गुण विमानाच्या प्रमाणपत्रावरून ठरतात, तुमच्या खिडकीत मीटर धरून नव्हे.

दंडाची तऱ्हा याहून न्यारी. दिवसा 94 आणि मध्यरात्री 87 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती उड्डाणाला. उतरणाऱ्याला तशी मर्यादाच नाही. इथे वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, विमान उतरतं वाऱ्याकडे तोंड करून, आणि तुम्ही हाउन्सलोत, विमानतळाच्या पूर्वेला. म्हणजे तुमच्या वाट्याला येतात ती मुख्यतः उतरणारीच.

हॅटन क्रॉसजवळच्या मर्टल अॅव्हेन्यूवर एकदा उभे राहा. चाकं मोजता येतात इतकं विमान खाली असतं. ते गेल्यावर क्षणभर शांतता, आणि मग मागे राहिलेल्या भोवऱ्याची हवेत चाबकासारखी शिट्टी. हा भोवरा कौलं उचकटतो, म्हणून छतं दुरुस्त करून द्यायची विमानतळाची योजना आहे. झोप उडाली तर फार तर घरात आवाज कमी शिरावा म्हणून मदत, तीही ठरावीक पट्ट्यातल्या घरांना.

कोर्टाचं म्हणाल तर 1982च्या विमानवाहतूक कायद्याचं कलम 76 आडवं येतं: वाजवी उंचीवरून, नियमानुसार उडणाऱ्या विमानावर उपद्रवाचा दावा चालत नाही. काही रहिवासी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले होते. 2001 मध्ये जिंकले, 2003 मध्ये मोठ्या पीठापुढे रात्रीच्या विमानांच्या मुद्द्यावर हरले.

तेव्हा तुमचं ते काउन्सिलला लिहायचं पत्र राहू द्या. 5,800 हा आकडा वाहतूक मंत्रालय ठरवतं; तिकडे लिहा. ‘फार आवाज होतो’ एवढंच नको. महिनाभर साडेचार ते सहा मोजा, तारखेसह. जागे असताच म्हणा! मसुदा पाठवलात तर वाचून देतो.