शांघायमध्ये चांगली डंपलिंग ओळखायची कशी

शांघायला कामानिमित्त जाऊन आलेल्या बहुतेक मराठी मंडळींच्या फोनमध्ये युयुआन बागेजवळच्या नानशियांग उपाहारगृहासमोरच्या रांगेचे छायाचित्र असते. १९०० साली सुरू झालेल्या या दुकानाने ज्या गावाचे नाव घेतले आहे, ते नानशियांग आता शांघायच्याच जियादिंग जिल्ह्यात मोडते आणि शियाओलोंगबाओ या वाफवलेल्या, आत गरम रस असलेल्या डंपलिंगचे माहेर मानले जाते. दुकानाच्या इतिहासाबद्दल मला आदर आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की दुकानाचे वय आणि दारातली रांग यांवरून डंपलिंगची पारख होत नाही. ती होते पारीवरून, आणि ती पारी भरून झाल्यावर किती लवकर आपल्यासमोर आली यावरून.

हे समजण्यासाठी आतला रस येतो कुठून हे पाहिले पाहिजे. डुकराची कातडी बराच वेळ उकळून केलेला अर्क थंड झाला की खरवसासारखा घट्ट थरथरता होतो. तो बारीक करून खिम्यात मिसळतात, आणि करंडी वाफेवर चढली की तो वितळून पुन्हा पातळ होतो. म्हणजे वाफ लागण्याच्या क्षणापासून आतला रस आणि बाहेरचे पीठ यांच्यात एक शर्यत सुरू होते. करंडी उतरवून काही मिनिटे तशीच ठेवली, तर पारी तळाला चिकटते, वरच्या चुण्या कोरड्या पडून चिवट होतात आणि उचलताना तळ फाटून सगळा रस करंडीतच सांडतो. एका मोठ्या मॉलमधल्या उपाहारगृहात मागणी दिल्याबरोबर करंडी समोर आली, तेव्हाच पुढे काय होणार हे मला कळून चुकले होते. त्यामुळे दारात ताटकळावे लागणे आणि मागणी दिल्यानंतर थांबावे लागणे या दोन गोष्टींत मी फरक करतो. पहिलीतून फक्त दुकानाची प्रसिद्धी कळते. दुसरीतून हे कळते की आत कोणीतरी आपल्यासाठी आत्ता पीठ लाटत आहे.

म्हणूनच नवख्या भागात मी आधी भटारखाना दिसतो का ते पाहतो. काचेपलीकडे चार-पाच जणी टेबलाभोवती बसून डंपलिंग वळत असतील, भिंतीवरच्या फलकावर मोजकेच पदार्थ असतील आणि त्यांतले बहुतेक एकाच सारणाचे प्रकार असतील, तर खुशाल आत शिरावे. ह्वांगहे रोडवरचे जियाजिया तांगबाओ हे अशा दुकानाचे चांगले उदाहरण आहे. तिथे मागणी आल्यावर वळायला घेतात, बसायला जागा दाटीवाटीची असते आणि सारण संपले की तो प्रकार त्या दिवसापुरता संपतो. शेजारच्या टेबलावर बसलेले अनोळखी लोक आपण कसे खातो याकडे निःसंकोच पाहत असतात, हा त्या दाटीचा एक जादा भाग.

पारीबद्दल मात्र एक वाद आहे आणि मला त्यात पडायचे आहे. शांघायमध्ये राहणारे अमेरिकी लेखक ख्रिस्तोफर सेंट कॅव्हिश यांनी २०१५ साली शहरातल्या ५२ दुकानांमधले शियाओलोंगबाओ कात्रीने कापून, रस आणि सारण तराजूवर तोलून, पारीची जाडी मोजून त्यांची क्रमवारी लावली. सारण आणि रस जितका जास्त व पारी जितकी पातळ, तितके गुण जास्त, असे त्यांचे गणित होते. या उद्योगाचे मला मनापासून कौतुक आहे, कारण खाण्याबद्दल अघळपघळ बोलणारे पुष्कळ असतात आणि मोजणारे फार थोडे. पण या गणितात चव कुठेच नाही आणि पातळपणाला दिलेले महत्त्व मला अवास्तव वाटते. पारी पातळ असावी, पण दाताखाली ती जाणवलीही पाहिजे. नाहीतर आपण केवळ खिमा आणि रस्सा खात असतो. तैपेईत १९५८ साली तेलाचे दुकान म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या दिन ताय फुंगमध्ये ५ ग्रॅम पारीत १६ ग्रॅम सारण भरून १८ चुण्या घालतात. ते डंपलिंग निर्दोष असते आणि नवख्याला तिथे नेण्यात कोणताच धोका नाही. मला मात्र तिथे सगळे इतके अचूक वाटते की दुसरी करंडी मागवण्याची ओढ लागत नाही.

शियाओलोंगबाओ पाहून आपल्याकडच्या प्रत्येकाला उकडीचा मोदक आठवतो. रूपापुरते ते खरे आहे, पण मोदकाच्या घडणीचे नाते पाहायचे तर ते हाँगकाँग आणि ग्वांगझौकडच्या हार गाव या कोळंबीच्या डंपलिंगशी जास्त जवळचे आहे. हार गावसाठी गव्हाच्या सत्त्वावर उकळते पाणी ओततात, म्हणजे ती एक उकडच असते, आणि वाफवल्यावर तिची पारी अर्धपारदर्शक होते. शियाओलोंगबाओचे पीठ मैद्याचे आणि चांगले मळलेले असते. त्याला ताण असतो, म्हणून ते लाटून कडेला पातळ आणि मध्ये थोडे जाड ठेवता येते. तांदळाच्या उकडीला तो ताण नसतो, म्हणून आपण पारी अंगठ्याने दाबत वळतो.

खाण्याची रीत सोपी आहे. डंपलिंग वरच्या गाठीला धरून हळूच उचलावे, चमच्यात ठेवावे, कडेला छोटे भोक पाडून आधी रस प्यावा आणि मग उरलेले खावे. सोबत आल्याचे बारीक काप घातलेले झेनजियांगचे काळे व्हिनेगर असते. ते चिकट तांदळापासून बनते आणि चरबीचा जडपणा कापते. सोया सॉस ओतू नये. शरद ऋतूत खेकड्याचे मांस आणि गाभोळी घातलेला प्रकार मिळतो आणि त्याचे दर बरेच चढे असतात. चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्यात मादी आणि दहाव्या महिन्यात नर खेकडा उत्तम, असे तिथले लोक मानतात. एरवीच्या दिवसांत हा प्रकार मागवण्यात मला अर्थ वाटत नाही. युयुआनजवळ नळी खुपसून पिण्याचा जो प्रचंड आकाराचा बाओ, म्हणजे सारण भरलेला पाव, विकतात, तो छायाचित्रापुरता ठीक आहे.

न्याहारीला मात्र मी शेंगजियानकडे वळतो. तव्यावर तेलात बसवून, पाणी शिंपडून झाकण ठेवलेल्या या बाओचा तळ खरपूस होतो आणि माथ्यावर तीळ व कांद्याची पात असते. १९३२ पासून चालत आलेल्या दा हू चुनमध्ये पीठ आंबवलेले असते आणि रस बेताचा. शियाओयांग या दुसऱ्या दुकानात पारी पातळ आणि रस भरपूर. शांघायकर यावरून हिरिरीने भांडतात. मी दा हू चुनच्या बाजूचा आहे, कारण तिथे पीठ खाल्ल्याचे समाधान मिळते आणि सदराही वाचतो.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. शांघायमध्ये ईशान्य चीनच्या लोकांनी चालवलेली जियाओझीची, म्हणजे उकळलेल्या डंपलिंगची, साधी दुकाने गल्लोगल्ली सापडतात. तिथे अंडे आणि चिनी लसणीची पात यांचे सारण हमखास असते. हे डंपलिंग पाण्यात उकळलेले, पारी थोडी जाड आणि आतला रस बेताचा, त्यामुळे पीठ आणि सारण या दोहोंची चव सुटी कळते. माझ्या मते शियाओलोंगबाओपेक्षा रोज खाण्याजोगा हा पदार्थ आहे, पण परदेशी पाहुण्यांना तिकडे कोणी नेत नाही. मागणी अनेकदा लियांगच्या हिशेबाने द्यावी लागते. एक लियांग म्हणजे ५० ग्रॅम, आणि ते वजन पिठाचे धरतात, सारण वेगळे. म्हणून भूक कितीही असली तरी पहिल्यांदा तीन लियांगच सांगावे, व्हिनेगरबरोबर कच्ची लसूण मागून घ्यावी, आणि शेवटी ज्या पाण्यात जियाओझी उकडल्या त्याचा वाडगा आणून दिला तर तो नाकारू नये.